कंदाहार ठेवावें कीं सोडावें?

जुने वादविवाद वाचण्याची मला खोड आहे. १८८१ सालचा कंदाहारचा वाद त्यांतलाच. अफगाण युद्ध संपलें होतें. तेथली फौज मागें आणावी कीं नाहीं, एवढाच प्रश्न. ग्लॅडस्टनचें प्रधानमंडळ म्हणे, आणावी. माजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन उमरावांच्या सभेंत उलट बोलले आणि १६५ विरुद्ध ७६ मतांनीं जिंकलेहि. जानेवारींतल्या भाषणांत माघारीचें वाक्य घालण्यास खुद्द राणीसाहेबांनीं हरकत घेतली होती! पण कॉमन्स सभा प्रधानांच्या बाजूची. एप्रिलांत फौज निघाली.

निर्णय मला योग्यच वाटतो. रशियाचें भय, साम्राज्याची अब्रू, सारें त्या वादांत आहे. मी मात्र मैवंदचीं माणसें शोधीत होतों. २७ जुलै १८८० रोजीं तेथें मुंबईच्या ग्रेनेडिअर पलटणीची धूळधाण झाली. मुंबई लष्करांत तेव्हां कोंकणांतले मराठे, महार पुष्कळ. युद्धखर्चापैकीं विलायतेनें ५० लक्ष पौंड दिले. बाकीचा मोठा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर. मैवंदची बातमी कोंकणांतल्या घरांत कधीं पोंचली असेल? आणि कंदाहार सोडल्याची?