जुबैल : एका वाक्याची दुरुस्ती

'लिपीचा उदय' हा घटक शिकवताना मी कित्येक वर्षे एक वाक्य निःशंकपणे उच्चारत आले : 'वर्णमालेचा जन्म बिब्लॉस येथे झाला.' एका अध्ययनपुस्तिकेतही मी ते लिहिले. पुढे एका संपर्कसत्रात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, तिथे ज्यांनी ती पहिल्यांदा लिहिली, त्यांना ती शिकवली कोणी?" वर्ग हसला. वेळ संपत आल्याचे निमित्त करून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. सिनाईच्या वाळवंटातील त्याहून जुने लेख मला ठाऊक नव्हते असे नाही. पण वाक्य सुटसुटीत होते आणि परीक्षेला सोयीचे होते.

त्यानंतर काही वर्षांनी लेबननला जाण्याचा योग आला. बैरूतच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या काठी हे गाव आहे. बिब्लॉस हे ग्रीकांनी दिलेले नाव. स्थानिक लोक त्याला जुबैल म्हणतात आणि त्यात गुब्ला हे प्राचीन नाव अजून ऐकू येते. पपायरसला आणि ग्रंथाला ग्रीकांनी जे शब्द वापरले, त्यांचे या नावाशी नाते आहे; 'बायबल' हा शब्दही त्याच कुळातला.

गावात प्रथम दिसतो तो बाराव्या शतकातील क्रुसेडरांचा किल्ला. त्याच्या भिंतींत रोमन खांब आडवे घालून चिणलेले आहेत. पलीकडे उत्खननाचे विस्तीर्ण आवार : नवाश्मयुगीन घरांचे पाये, लहान लहान स्तंभांचे मंदिर, समुद्राकडे तोंड केलेले छोटे रोमन नाट्यगृह. खालची दगड उचलून नेण्याची परंपरा इथे जुनीच. संशोधकांनीही खालचे थर खणण्यासाठी ते स्तंभमंदिर मूळ जागेवरून हलवले. बंदराजवळच्या दुकानांत डोंगरातून काढलेले माशांचे जीवाश्म विकायला असतात. त्यांच्या वयापुढे माझा सारा इतिहास कालचाच ठरला.

मी मात्र राजांच्या थडग्यांपाशी रेंगाळले. १९२२ मध्ये समुद्रालगतचा कडा ढासळला आणि त्यातले एक थडगे उघडे पडले. पुढच्याच वर्षी पिएर मोंते यांना अहिराम राजाची शवपेटी सापडली. ती आता बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यादवी युद्धात हे संग्रहालय नेमके दोन्ही बाजूंच्या सीमारेषेवर आले, तेव्हा ती काँक्रीटच्या आवरणात बंद करून वाचवावी लागली. पेटीवरील लेख इ.स.पू. सुमारे १०००चा. मुलाने वडिलांसाठी ही पेटी केली आणि ती उघडणाऱ्याला शाप दिला, असा त्याचा आशय. शब्दांमध्ये उभ्या रेघा आहेत. स्वर मात्र नाहीत. आपण 'मन', 'मान', 'मीन', 'मौन' हे सारे शब्द केवळ 'म' आणि 'न' एवढ्यानेच लिहिले असते, तर जसे वाचले असते, तसे ते वाचायचे. मोडी वाचणाऱ्यांना हे फार अवघड वाटू नये. तिथेही ह्रस्व-दीर्घाचा भेद वाचकानेच जाणायचा असतो.

अवघी २२ अक्षरे. व्यापाऱ्याच्या मुलालाही शिकता येतील इतकी थोडी. पुढे ग्रीकांनी ती घेतली, अरामी लिपीही त्यांतूनच आली. अरामीतून खरोष्ठी आली याविषयी फारसा वाद नाही. ब्राह्मीविषयी मात्र विद्वानांत अजून मतभेद आहेत.

तरीही ही अक्षरे इथेच जन्मली, असे तो लेख सांगत नाही. पूर्ण घडलेल्या फिनिशियन लिपीतील जुन्या लेखांपैकी तो एक, इतकेच. त्यापूर्वी, इ.स.पू. चौदाव्या शतकात, याच गावचा राजा रिब-हद्दा इजिप्तच्या राजाला मदतीसाठी विनवणीची पत्रे लिहीत होता. अशी साठाच्या आसपास पत्रे उपलब्ध आहेत. पण त्यांची भाषा अक्कादी आणि लिपी कीलाक्षरी, म्हणजे दोन्ही परकी. शिवाय इथेच मोरिस द्युनां यांना ब्राँझच्या पत्र्यांवर आणि दगडांवर कोरलेली आणखी एक लिपी सापडली. तिचे वाचन अद्याप सर्वमान्यपणे कोणालाही जमलेले नाही. ती कोणी कोणाला शिकवली असेल, या विचाराने मी बराच वेळ त्या आवारात बसून राहिले.

परतल्यावर मी पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीसाठी ते वाक्य खोडले. त्याच्या जागी पाच वाक्ये आली. संपादकांना ती लांबली असे वाटले, तरी मी ती कमी केली नाहीत. ती विद्यार्थिनी तोवर पदवी घेऊन गेली होती. तिच्याकडच्या पुस्तिकेत मात्र जुनेच वाक्य आहे.