सिलिकॉनच्या कपातला मफिन

सिलिकॉनचा बेकिंग कप म्हणजे मफिन किंवा कपकेक भाजायची रबरासारखी मऊ, धुऊन पुन्हापुन्हा वापरता येणारी वाटी. नेहमीच्या मापाचा कप तोंडाशी साधारण सात सेंटिमीटर, तळाशी पाच आणि उंचीला तीन-साडेतीन सेंटिमीटर असतो. कडेला कागदी कपासारख्याच चुण्या असतात. सहा किंवा बाराच्या रंगीबेरंगी संचात हे कप मिळतात. डब्यावर बहुधा तीन दावे छापलेले असतात : लोणी न लावता मफिन सुटतो, धुवायला सोपे, वर्षानुवर्षे टिकतात. पहिला दावा बराचसा खरा आहे. तिसरा, सुरी दूर ठेवली तर खरा आहे. दुसऱ्याबद्दल मात्र सविस्तर बोलावे लागते.

घरगुती बेकिंगमध्ये या कपांचा शिरकाव होण्याचे मुख्य कारण ओव्हनचा आकार. सोळा-वीस लिटरच्या ओटीजीत बारा खणांचा पत्र्याचा मफिन ट्रे मावत नाही, सहा खणांचाही कधीकधी दाराला अडतो. सुटे कप मात्र बसतील तसे मांडता येतात. साधे कागदी कप अशा वेळी उपयोगी पडत नाहीत, कारण ट्रेच्या खणाचा आधार नसेल तर मिश्रणाच्या वजनाने ते फाकतात आणि मफिनची पसरट भाकरी होते. सिलिकॉनचा कप स्वतःच्या पायावर उभा राहतो.

पुन्हा वापरायचा कप ही कल्पना नवी नाही. अमेलिया सिमन्सच्या १७९६ सालच्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकचा उल्लेख आहे, आणि १८२८ मध्ये एलिझा लेस्लीच्या पुस्तकात 'कप केक' हे नावच येते. कागद नंतर आला आणि त्याने चांगलेच बस्तान बसवले. मुंबईच्या इराणी हॉटेलांतला मावा केक तर कागदाशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. कागद सोलताना त्याला चिकटून आलेला चुरा खाणे हा त्या खाण्याचाच भाग आहे.

सिलिकॉन हे नेहमीच्या अर्थाने प्लॅस्टिक नाही. वाळूतल्या सिलिकापासून आधी सिलिकॉन हे मूलद्रव्य काढतात. तांब्याच्या उत्प्रेरकाच्या मदतीने त्याची मिथाइल क्लोराइडशी प्रक्रिया होते, आणि पुढच्या टप्प्यांनंतर सिलिकॉन व ऑक्सिजन यांची एकाआड एक गुंफलेली लांबलचक साखळी तयार होते. ही प्रक्रिया १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोचो यांनी शोधली. सिलिकॉन-ऑक्सिजन हा बंध पक्का आणि साखळी लवचीक असल्यामुळे हे रबर उष्णतेत टिकते आणि फ्रीजरमध्ये कडक होत नाही. चांगल्या कपावर साधारण उणे ४० ते २३० अंश सेल्सिअस अशी मर्यादा लिहिलेली असते.

ही मर्यादा हवेच्या तापमानाची आहे, हे लहान ओटीजीत लक्षात ठेवावे लागते. डायल १८० वर असला तरी वरची लालबुंद सळई त्याहून कितीतरी तापलेली असते, आणि मधल्या जाळीवर ठेवलेल्या कपाची कड तिच्यापासून चार बोटांवर येते. म्हणून कप खालच्या जाळीवर ठेवावेत, आणि ओव्हन तापल्यावर वरची सळई बंद करून खालच्या सळईवर भाजावे. फक्त ग्रिल चालू असताना हे कप आत ठेवूच नयेत. मीठ किंवा वाळू घालून कुकरमध्ये केक करणाऱ्यांनी कप तळाला टेकू न देता उंच स्टँडवर ताटली ठेवून त्यात मांडावेत; कोरड्या तापलेल्या तळाचे तापमान कुठवर गेले ते कळायला मार्ग नसतो.

रिकामा कप हलका असतो आणि भरलेला डुगडुगतो. जाळीवर थेट ठेवले की एखादा कलंडतो आणि मिश्रण तळाच्या ट्रेवर सांडून जळते. म्हणून कप आधी पातळ पत्र्याच्या ट्रेवर मांडायचे, मग दोन तृतीयांश भरायचे आणि ट्रेसकट आत सरकवायचे. भोकांचा ट्रे असेल तर उत्तम, कारण खालून गरम हवा लागते. कपांच्या खाली पत्र्याचा मफिन ट्रेही ठेवणारे आहेत; त्याने आकार नेटका येतो, पण भाजायला वेळ लागतो.

वेळ लागण्याचे कारण साधे आहे. अॅल्युमिनियम उष्णता झटकन पुढे देते. सिलिकॉन रबर त्याच्या हजारपट सावकाश. पत्र्याच्या खणात मफिनची कड लवकर तापते, तांबूस होते, तिला खमंग चव येते. सिलिकॉनमध्ये तोच मफिन वरून सोनेरी, पण बाजूने आणि बुडाशी फिकट राहतो. त्यात वाफ बाहेर जायला वाट नसते. कागद थोडे तूप आणि थोडी वाफ शोषतो, सिलिकॉन दोन्ही आतच ठेवतो. १८० अंशांवर पत्र्यात वीस मिनिटांत होणारा मफिन सिलिकॉनमध्ये दोन ते पाच मिनिटे जास्त घेतो. सुरीऐवजी टूथपिक घालून बघावी. बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत मफिन कपातून सोडवून जाळीवर ठेवला नाही, तर कोंडलेल्या वाफेने बाजू ओलसर होतात. अंडे न घालता दही-सोड्यावर केलेले मफिन मुळात जास्त ओलसर असतात. त्यांच्याबाबतीत हा नियम अधिकच पाळावा.

मफिन सुटण्याचा दावा बराचसा खरा असला तरी पुरता खरा नाही. तेल-लोणी भरपूर असलेले मिश्रण कड दाबली की टुणकन बाहेर येते. केळे, गूळ, खजूर घातलेले मिश्रण बुडाशी धरते, कारण साखर चुण्यांत वितळून बसते. अशा वेळी ब्रशने तेलाचा हलका हात फिरवावा. डब्यातला कुकिंग स्प्रे वापरू नये. त्यातल्या लेसिथिनचा थर भाजून चिकट होतो आणि पुढे घासूनही जात नाही. सुरीने मफिन सोडवणे तर कटाक्षाने टाळावे. सिलिकॉन ताणले तरी तुटत नाही, पण एकदा बारीक चीर पडली की ती कागदासारखी पुढे फाटत जाते.

आता धुण्याविषयी. एका घरी मुलीच्या वाढदिवसाला शाळेत वाटायला व्हॅनिला मफिन करण्याचे ठरले. नवा संच आणला, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे भांड्यांच्या साबणाने धुतला, स्वच्छ पाण्याने खळबळून काढला, वाळवला. मफिन फुगले, वरून छान तडकले, कपातून अलगद सुटले. दिसायला काही कमी नव्हते. मुलीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आई, ह्याला भांड्यांचा वास येतोय." आजींनी तुकडा मोडून हुंगला. वरच्या तडकलेल्या भागाला वास नव्हता. कपाला टेकलेल्या बाजूला लिंबाच्या साबणाचा वास होता, आणि चावल्यावर तो व्हॅनिलाला पुरता गिळून जात होता. दुसऱ्या दिवशी शाळेत बेकरीतले मफिन गेले.

विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर उत्तर आले : "आधी साबणाने नीट धुऊन घ्यायचे होते." कप पुन्हा धुतले गेले, या वेळी जास्त साबण लावून, जास्त वेळ भिजवून. पुढच्या घाण्याला वास वाढला. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच उत्तर, आणि शिवाय "आमच्या इतर ग्राहकांना असा त्रास नाही." म्हणजे ज्या उपायाने बिघडत होते तोच उपाय जास्त करायचा सल्ला. पैसे परत मिळाले नाहीत, कारण कप फुटलेले नव्हते, कमी नव्हते, रंगही चित्रातलाच होता. वास पार्सलमधून परत पाठवता येत नाही आणि फोटोतही येत नाही.

या वासाचे कारण मात्र पुस्तकी आहे. सिलिकॉन पाण्याला दूर ठेवते आणि तेलकट पदार्थांना जवळ करते. त्याच्या साखळ्यांमध्ये लहान रेणू शिरायला जागा असते. साबणातल्या लिंबाच्या वासाचा मुख्य घटक लिमोनिन तेलात विरघळणारा आहे. तो पृष्ठभागावर बसत नाही, आत मुरतो. पाण्याने कितीही खळबळले तरी तो निघत नाही, कारण पाण्याशी त्याचे सख्य नाही. ओव्हनमध्ये कप तापला की तो बाहेर येतो, आणि समोरच तेल-लोण्याचे गरम मिश्रण असते. सिलिकॉनचा हा गुण प्रयोगशाळांना चांगला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी साधे सिलिकॉनचे मनगटी पट्टे माणसांना घालायला दिले आणि दिवसभरात त्या माणसांच्या आसपास कोणती रसायने होती, ते पट्ट्यांत मुरलेल्या रेणूंवरून शोधून काढले. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मनगटावरचा पट्टा जे टिपतो ते बेसिनमधला कपही टिपणारच. 'काही चिकटत नाही' हे वाक्य पिठापुरते खरे आहे, वासाला ते लागू नाही.

मुरलेला वास उष्णतेनेच काढता येतो. रिकामे कप ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवायचे, खिडकी उघडी ठेवायची, आणि गार झाल्यावर नुसत्या गरम पाण्याने धुवायचे. वास उरला तर हेच पुन्हा करायचे. कारखान्यातही असेच काहीसे करतात : साच्यातून निघालेले सिलिकॉन २०० अंशांवर सुमारे चार तास तापवले की त्यातले उडून जाणारे लहान रेणू निघून जातात. स्वस्त मालात हा टप्पा गाळला किंवा उरकला जाण्याची शक्यता असते, आणि मग नव्या कपाला साबण लागायच्या आधीच रबराचा वास येतो. असा कपही रिकामा तापवावा. तरीही वास राहिला तर खाण्यासाठी वापरू नये.

रोजच्या वापरात काही पथ्ये पुरतात. कप खरकट्या भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात भिजत टाकू नयेत. बिनवासाचा साबण थेंबभर घ्यावा, पाणी कढत असावे. कांदा-लसणाच्या वाटणाचे भांडे ज्या घासणीने घासले ती कपांना लावू नये. मसाल्याच्या कप्प्यात कप ठेवू नयेत. चुण्यांत तेलाचा चिकट थर जमला तर खाण्याच्या सोड्याची जाडसर पेस्ट लावून थोडा वेळ ठेवावी आणि मऊ ब्रशने काढावी. भांड्यांना बाई असतील तर हे कप त्यांच्या ढिगात न टाकता बाजूला काढून ठेवणे सोपे पडते. इतके सांभाळावे लागते म्हटल्यावर 'धुवायला सोपे' या शब्दांना काही अर्थ राहत नाही, आणि उत्पादकांनी डब्यावर निदान 'बिनवासाचा साबण वापरा' एवढे छापायला हरकत नव्हती.

विकत घेताना कप चिमटीत पिळून पाहण्याची एक रीत आहे. पांढरी रेघ उमटली तर त्यात भराव आहे, असे मानतात. ही खूण पक्की नाही. गडद रंगाचे चांगले सिलिकॉनही ताणल्यावर फिके दिसू शकते. जाळून पाहिल्यास मात्र फरक कळतो : सिलिकॉन वितळत नाही आणि मागे पांढरी राख सोडते, प्लॅस्टिक वितळून ठिबकते. अर्थात त्यासाठी एक कप गमवावा लागतो. त्यापेक्षा तापमानाची मर्यादा आणि उत्पादकाचे नाव-पत्ता छापलेला संच घेणे बरे. नुसत्या 'फूड ग्रेड' या शिक्क्यावर विसंबू नये.

आरोग्याच्या बाजूने सिलिकॉनबद्दल ओरड करण्यासारखे फारसे नाही, पण काळजीचा एक मुद्दा आहे. जर्मनीत अन्नाला लागणाऱ्या सिलिकॉनमधून तापवल्यावर उडून जाणारे पदार्थ ०.५ टक्क्याहून जास्त नसावेत अशी शिफारस आहे. युरोपीय रसायन संस्थेने २०१८ मध्ये डी४, डी५ आणि डी६ ही सिलिकॉनमध्ये राहून जाणारी लहान वलयाकार संयुगे विशेष चिंतेच्या यादीत घातली. कपांवर बंदी आली असा त्याचा अर्थ नाही. नीट तापवून तयार केलेल्या कपात ती अत्यल्प असतात. कागदही सोवळा नाही. तेल न झिरपणाऱ्या काही कागदांना पीएफएएस गटातली, निसर्गात न विरणारी रसायने लावत असत. अमेरिकेत अन्नाच्या वेष्टनांसाठी त्यांची विक्री थांबल्याचे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले.

कचऱ्याचा हिशोबही एकतर्फी नाही. महिन्यातून दोनदा मफिन करणाऱ्या घरात सिलिकॉनचा संच कागदाच्या ढिगाला पुरून उरतो. वर्षातून एकदा, वाढदिवसापुरते करणाऱ्या घरात तो माळ्यावर पडून राहतो, आणि टाकायची वेळ आली की ओल्या कचऱ्यात कुजत नाही, भंगारवालाही घेत नाही. ऑर्डरचे कपकेक विकणाऱ्यांना तर कागदाला पर्याय नाही. कप ग्राहकाकडे गेला की परत येत नाही, आणि क्रीम लावलेला कपकेक कागदाशिवाय हातात धरवत नाही.

मात्र बेकिंगबाहेर हे कप फारच उपयोगी ठरतात. इडलीपात्रात ठेवून ढोकळा किंवा रव्याची इडली वाफवता येते. तापमान शंभराच्या आसपास राहते आणि सळईची भीती नसते. आंब्याचा रस किंवा नारळाचे दूध कपात गोठवून नंतर पिशवीत भरून ठेवता येते. शाळेच्या डब्यात पोळीला ओल न लागता लोणचे वेगळे ठेवायला एक कप पुरतो, पण लोणच्याचा कप पुन्हा मफिनकडे फिरकू देऊ नये. त्यासाठी वेगळा रंग राखून ठेवावा.

इतक्या तक्रारींनंतरही ज्या घरी लहान ओटीजी आहे आणि मफिन वरचेवर होतात, तिथे सिलिकॉनचे कप घ्यावेत. बुडाशी कुरकुरीत, तांबूस मफिन हवा असेल तर पत्र्याचा ट्रे, वाटायचे असतील तर कागद, आणि घरच्या न्याहारीला सिलिकॉन. संच आणल्यावर मात्र साबणाची बाटली उघडायच्या आधी तो एकदा रिकामा तापवून घ्यावा.