फट

मधमाशी म्हटली की आपल्याला मध तरी आठवतो, नाहीतर नांगी. तिच्या घराचा विचार मीही कधी केला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र जावळीतल्या आमच्या घराच्या पडवीत दोन मधपेट्यांच्या सुट्या फळ्या येऊन पडल्या आणि पंधरा दिवस घरात दुसरा विषय उरला नाही.

फळ्या दादाने आणल्या होत्या. मुंबईतली नोकरी गेली तेव्हा तो गावी परतला. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' झाले, ते त्याच्या मनात होते. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकून त्याने सातेरी माशा पाळायचे ठरवले. आबा सुतार. मुलगा परत आला हे त्यांना रुचले नव्हते. दोघांचे बोलणे आईमार्फत चाले. पण गुण्या, रंधा, पटाशी आबांची, आणि दादाला खिळा सरळ मारता येत नाही. तिसऱ्या दिवशी आबा मुकाट्याने येऊन फळ्यांपाशी बसले.

पेटी दिसायला साधी. खाली तळपाट, त्यावर पिलांची कोठी, तिच्यावर मधाची कोठी, आत टांगत्या चौकटी, वर छप्पर. काचकागद मारून फळ्या गुळगुळीत केल्या, गुण्या लावून कोपरे जुळवले. रंगाचे हात फक्त बाहेरून द्यायचे. आत लाकूड कोरेच ठेवायचे. इथवर सुरळीत झाले. चौकटी टांगल्यावर आबा अडले. चौकट आणि भिंत यांच्यात फट राहत होती, आणि फट म्हणजे सुताराची नाचक्की!

"मापं चुकलीत. पट्ट्या ठोकून घट्ट करतो."

दादा प्रथमच थेट बोलला, "आबा, बुजवू नका. ती फट हीच खरी पेटी."

मग त्याने सांगितले. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली हे मर्म ओळखले. माशांना ये-जा करण्यापुरती, सेंटीमीटरहून थोडी कमी वाट सोडली तर त्या ती मोकळी ठेवतात. जास्त सोडली तर तिथे पोळे बांधतात, कमी सोडली तर बुजवतात. मग चौकट सुखाने बाहेर निघत नाही. आपली सातेरी अंगाने लहान, तिला सुमारे ८ मि.मी. पुरतात.

आबांनी उत्तर दिले नाही. सागाच्या तुकड्याला रंधा मारून त्यांनी तेवढ्याच जाडीची पट्टी केली आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंनी सरकवून पाहिली. अडली तिथे चौकट तासली. "धर इकडं", "जरा सैल वाटतंय", "आता बघ", असे संध्याकाळपर्यंत दोघांचे चालले होते. आई दारात उभी राहून ऐकत होती.

एका छपराखाली राहायचे तर वावरायला जागा लागते. आबांना आणि दादाला ती आजवर कुणी मोजून दिली नव्हती.

पेट्या आता बांधावर घोडीवर उभ्या आहेत. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत. माशांची वसाहत अजून यायची आहे. ती टिकेल की उडून जाईल, कुणी सांगावे? परवा दादा फोनवर म्हणाला, आबांनी कुणी न सांगता तिसऱ्या पेटीच्या फळ्या कापायला घेतल्या आहेत.