छोटी लाईन, मोठा आजार

तळपायाला कुरूप झालं की आमच्याकडे बिब्बा तापवायचे. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं. ते कुरपावर टेकवायचं, की दोन दिवसांनी माणूस पुन्हा धानाच्या बांधीत. आमचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा झाला १ मे १९९९ ला. धानाची रोवणी मात्र होती तशीच आहे: पऱ्ह्यांच्या पेंड्या, पोटरीभर चिखल आणि अनवाणी पाय. अशा पायावर एखादा काळा डाग वाढत गेला, तर तो बिब्ब्याचा, काट्याचा की आणखी कशाचा, हे बघणार कोण? मेलॅनोमा हा त्वचेतल्या रंगपेशींचा कॅन्सर. गोऱ्या कातडीच्या देशांत त्याचं मुख्य कारण ऊन. आपल्याकडे तो दुर्मीळ, आणि झालाच तर पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली, जिथे ऊन फारसं पोचतच नाही. गायक बॉब मार्लेलाही तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता. निदान १९७७ साली, मृत्यू १९८१ मध्ये, वय ३६.

जुनी माणसं कॅन्सर म्हणत नसत. ‘मोठा आजार’ म्हणत, तेही आवाज उतरवून. मोठा आजार म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे परळचं टाटा हॉस्पिटल, १९४१ पासूनचं. बालाघाट-नैनपूरकडची मंडळी छोट्या लाईनने गोंदियाला उतरायची, आमची बैलगाडीने नाहीतर एसटीने यायची, आणि मग फलाटावर सगळे मिळून कलकत्ता मेलची वाट बघायचे. निरोपाला अर्धा मोहल्ला. कुणी पिशवीत तांदूळ घालतंय, कुणी मुरमुरे, कुणी नोटेची घडी गुपचूप खिशात सारतंय. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत सोय होते, ही माहिती एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगितली जायची. बायका डोळ्यांना पदर लावायच्या, कारण पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असे. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला याच रोगाने गेले. खंजिरीवर अख्खा विदर्भ जागवणारा माणूस त्यातून सुटला नाही, तिथे आपली काय कथा, असंच लोक धरून चालत. आज नागपुरातलं एक मोठं कॅन्सर रुग्णालय त्यांच्याच नावाने चालतं.

आणि लोकांचं चुकत नव्हतं. पसरलेल्या मेलॅनोमावर १९७५ पासून डॅकार्बाझिन नावाचं औषध होतं, पण त्याने गाठ आकसायची ती पाचांतल्या एखाद्याची, तीही थोडे दिवस. हिशेब महिन्यांत व्हायचा. पुढची तीसपस्तीस वर्षं यात फारसं काही बदललं नाही. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आलं, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. ही औषधं गाठीवर थेट घाव घालत नाहीत. आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरने घातलेला आवर ती काढून घेतात. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये मेंदूपर्यंत गेला होता; उपचारानंतर ते शंभरी पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरात गेले. अशी दोन औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांचे दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये छापून आले, तेव्हा शंभरातले ४३ हयात होते. तळपायाचा मेलॅनोमा मात्र या औषधांना तेवढी दाद देत नाही, हे सांगायला हवं. नाहीतर आशेची वर्गणी गोळा केल्यासारखं होईल.

आता आमच्या नात्यातले एक काकाजी यांतलंच एक औषध घेतात. ठरल्या तारखेला सकाळच्या गाडीने नागपूर, रक्त, थायरॉईड, अर्धा तास सलाईन, संध्याकाळी घरी. दर काही महिन्यांनी स्कॅन. मुंबई आता सल्ल्यापुरती. नागपूरजवळ जामठ्याला कॅन्सरचं मोठं रुग्णालय आहे, गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, छोटी लाईन जाऊन ब्रॉडगेज आली आहे, आणि कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं. तिकीट माफ असलं तरी औषध नाही. वर्षाचा खर्च कित्येक लाखांत जातो. पूर्वी आजारपणात दागिने गहाण पडायचे, आता बांध्या विकल्या जातात. याला प्रगती म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

काकाजींच्या हातांवर, भुवयांजवळ पांढरे चट्टे आले. जागी झालेली प्रतिकारशक्ती चांगल्या रंगपेशींवरही हात टाकते, त्याचा हा परिणाम. डॉक्टर खूश, कारण औषध लागू पडत असल्याची ती बरी खूण मानतात. गावात मात्र कुजबुज सुरू झाली की काकाजींना कोड फुटलं. नातीच्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, ते तिथेच थांबलं. कॅन्सर लोकांनी पचवला, पांढरा डाग पचवला नाही.

मला जुन्यातलं आठवतं ते म्हणजे फलाट. त्या काळात जावंसं नाही वाटत, पण आजारी माणसाचं काय करायचं हे तेव्हा गावाला माहीत होतं: पोचवायला जायचं, रात्र जागायची, खांदा द्यायचा. जो आजारीही आहे, जगतोही आहे आणि पुढच्या वर्षीही असाच असेल, त्याच्यासाठी काहीच रीत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांना फटफटीवर स्टेशनला सोडायला पोरं होती. आता काकाजी फाइलची पिशवी घेऊन एकटे ऑटोत बसतात. वाटेत कुणी भेटला तर, “बरं हाय ना जी?” एवढंच. उत्तराला तो थांबत नाही.

काकाजींना तक्रार नाही. त्यांचं भांडण आहे ते तारखांशी. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडारीचा खेळ, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि यंदा सलाईनची तारीख नेमकी मंडईच्याच दिवशी आली. त्यांनी नागपूरला फोन करून सांगितलं, चार दिवस पुढे ढकला, जावई येणार आहेत. पलीकडून विचारलं, ताप नाही ना, जुलाब नाहीत ना? नाहीत म्हटल्यावर तारीख बदलून मिळाली, आणि काकाजींनी लगेच काकूला कोंबडा किती किलोचा आणायचा ते विचारलं.