पुस्तक घ्यावं पारखून

भेंडी घेताना आपण देठ मोडून बघतो. अभ्यासाचं पुस्तक मात्र जाडी बघून उचलतो, नाही का? मुलं हाताशी आल्यावर आमच्या वन्संनी यंदा एलएल.बी.ला नाव घातलं. ‘इक्विटी आणि ट्रस्ट’ विषयासाठी नात्यातल्या एका वकिलांनी आपलं जुनं पुस्तक आपुलकीनं दिलं. फुकटचं, शिवाय बांधणी भक्कम! दोघी मिळून ते चाळायला बसलो.

मैत्रिणींनो, ट्रस्टचा कायदा १८८२ चा. त्याचं ८२ वं कलम पैसे एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर, अशा व्यवहाराबद्दलचं. बायकोच्या नावावर घेतलेल्या घराचा वाद इथेच यायचा! १९८८ च्या बेनामी कायद्यानं ते कलम रद्द झालं. तो कायदाही २०१६ साली खूप बदलला. या पुस्तकात कलम आपलं जसंच्या तसं! १९६३ च्या ‘स्पेसिफिक रिलीफ’ कायद्यातले २०१८ चे बदल तर त्यात कुठून असणार?

तेव्हा दुकानात आधी आवृत्तीचं साल बघा. मग ही दोन ठिकाणं उघडा. आपला अभ्यासक्रम अनुक्रमणिकेशी ताडून पाहा, आणि नुसत्या कायद्याची छोटी पुस्तिका जोडीला घ्याच.

जुनं पुस्तक रद्दीत मात्र घालू नका हं. इक्विटीचा इतिहास, तिची सूत्रं काही शिळी होत नाहीत.

उद्या एखादी बाई वन्संना विचारील, “घर माझ्या नावावर आहे, ते माझंच ना?” त्या उत्तराला आजचाच कायदा हवा.