पैसे घेताना त्याच्या मनात काय होतं?

सनद मिळाली आणि ठेवीदारांच्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बसायला लागले. त्यांच्या वतीने सरकारी वकिलांना मदत करायची, हे आमचं काम. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज कुणीतरी गाठून विचारायचं, "ताई, पैसे घेतले, परत दिले न्हाईत. आनि काय सिद्ध करायचं ऱ्हायलंय?" मला उत्तर देता यायचं नाही.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. जादा परताव्याचं आमिष दाखवल्याच्या आरोपावरून ए. एस. ट्रेडर्सविरुद्ध २०२२ मध्ये शाहूपुरी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला, तेव्हापासून 'एमपीआयडी' हे ठेवीदारांचं हित जपणाऱ्या राज्याच्या कायद्याचं नाव इथल्या घराघरांत पोचलं. माझ्या हाती आलेला खटला दुसरा, त्याहून लहान. शेअर बाजारात पैसे गुंतवतो, महिन्याला पाच टक्के देतो, असं सांगून घेतलेल्या ठेवींचा.

सर म्हणाले, "पैसे बुडाले ते बाजूला ठेव. घेतले त्या दिवशी आरोपीच्या मनात काय होतं, ते कशावरून दाखवशील?" मी नुसती बघत राहिले. मनातलं कोर्टात आणायचं कसं? गुन्हा जुना, म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम ४२०. आता त्या जागी न्याय संहितेचं ३१८ आहे. हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं, की वचन देतानाच बेइमानी हवी. पुढे वचन मोडलं, एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. म्हणजे खोटी बतावणी दाखवायची, तिच्यावर विसंबूनच पैसे दिले हे दाखवायचं, आणि हेतू पहिल्यापासून वाईट होता हेही. सगळं वाजवी संशयापलीकडे.

उलटतपासात आरोपीच्या वकिलांनी एका मावशींना विचारलं, "पहिले सहा महिने परतावा मिळाला ना?"

"मिळाला की."

"म्हणजे आरोपीची दानत तेव्हा चांगली होती."

मावशी गप्प झाल्या. आता संपलं, असंच मला वाटलं. संध्याकाळी सरांनी बँकेचे उतारे पुढ्यात टाकले. नव्या ठेवीदाराची रक्कम जमा व्हायची आणि लगेच जुन्या ठेवीदारांच्या खात्यांत परतावा म्हणून निघायची. ब्रोकरकडे एक रुपयाही गेलेला नव्हता. एकही शेअर कधी घेतलाच नव्हता! आरोपी ज्या सहा महिन्यांचा आधार घेत होता, तेच सहा महिने त्याच्याविरुद्धचा पुरावा झाले. मन कागदावर दिसतं, हे मला त्या उताऱ्यांनी शिकवलं.

दुसऱ्या एका काकांना विचारलं, पैसे कुणाच्या सांगण्यावरून दिले? ते सरळ म्हणाले, "शेजारच्या वहिनींना मिळत हुतं म्हणून." खरं बोलले बिचारे, पण आरोपीचं बोलणं आणि काकांचे पैसे यांतला दुवा तिथं तुटला. आता ठेवीदार आला की किती गेले हे मी नंतर विचारते. आधी कोण, कुठं, कुणासमोर काय बोललं ते. व्हॉट्सॲपवरचे मेसेज असतील तर फोन जपून ठेवा म्हणते; कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नसेल तर त्यांची छापील प्रत पुरावा म्हणून चालत नाही.

१९९९ चा एमपीआयडी कायदा वाचला तेव्हा धीर आला. ठेव घेताना दिलेलं वचनच व्यवहारात न टिकणारं असेल आणि त्यापायी पैसे थकले, तर कलम ३ ती कसूर कपटाचीच धरतं. ४२० मध्ये मनाचा जो तळ गाठावा लागतो, तो इथं एवढा खोल नाही. शिवाय मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची सोय याच कायद्यात आहे, आणि मावशींना खरी आस तिचीच.

एजंटांचं मात्र मला अजून उमगत नाही. इथं एजंट परका नसतो. तो मामा असतो, तालमीतला जोडीदार असतो. प्रत्येक आरोपीचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो, मालकाची बेइमानी एजंटाच्या माथी आपोआप येत नाही. सर म्हणतात, कमिशनच्या तारखा लाव. परतावा थांबल्यावरही ज्याने नवी माणसं आणली, त्याला माहीत होतं. मी सध्या तेच करतेय. काही जणांनी आणलीत. त्यांतल्याच एकाने त्या महिन्यात आईची एफडी मोडून तेही पैसे यातच घातलेत. त्याला माहीत होतं असं म्हणायचं की नाही, हे सरांनाही अजून ठरवता आलेलं नाही.