पूर्वपक्षाचे शिक्षण

मुलांना चिकित्सक विचार करावयास शिकवावे, असे अलीकडे सर्वत्र बोलले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्यावर भर आहे. हेतू स्तुत्यच होय. परंतु ही विद्या परदेशांतून आणावयाची नवी वस्तू आहे, ही समजूत यथार्थ नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाण व तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करणे ही वितंडा. वाद कोणाशी करावा हे सांगताना सूत्रकार शिष्य, गुरू व सहाध्यायी यांचा उल्लेख करतात. मात्र ते असूयारहित असावेत. अर्थात गुरूशी वाद करणे हा अविनय नव्हे. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही प्रतिपक्षाचे म्हणणे आधी येते, सिद्धान्त मागाहून. ह्या मंडपाचे दार स्त्रियांना व बहुजनांना बहुधा बंद होते, हा त्याचा मोठा दोष. आजची शाळा सर्वांस खुली आहे, ही तिची थोरवी.

माझ्या वर्गात मी एक नेम ठेवला होता. ज्यास एखादे मत खोडावयाचे असेल, त्याने ते आधी असे मांडावे की, ते मानणाऱ्यानेही मान डोलवावी. एकदा विषय निघाला : पुढील शिक्षणाची शाखा कोणी निवडावी, मुलांनी की वडिलांनी? शास्त्रशाखा नको म्हणणाऱ्या एका मुलीस मी वडिलांचा पक्ष मांडावयास सांगितले. तिने तो उत्तम मांडला, आणि शेवटी थांबून म्हणाली, "गुरुजी, बाबांचे म्हणणे मला आज समजले. पण माझे म्हणणे त्यांना असे कोण मांडावयास लावील?"

ह्या प्रश्नाचे उत्तर शाळेपाशी नाही. ते आपल्या घरांपाशी आहे. पंगतीत मुलाने 'का?' विचारले की, 'मोठ्यांपुढे बोलू नये' असे आपण म्हणतो. तोच मुलगा मग वर्गात मुका राहतो, आणि मोबाइलवर आलेला कोणताही मजकूर खरा मानून पुढे धाडतो. ज्यास घरात शंका घेऊ दिली नाही, त्याने बाहेर ती घ्यावी, ही अपेक्षा व्यर्थ होय.

म्हणून घरातील कर्त्या मंडळींस एवढीच विनंती : मुलास नकार जरूर द्यावा, पण त्यापूर्वी त्याचा पूर्वपक्ष त्याच्यादेखत, त्याचे समाधान होईल असा, एकदा मांडून दाखवावा. कदाचित नकार देण्याचे प्रयोजनच उरणार नाही.